पत्र्याचा कॉम्प्युटर

अलासितांच्या जत्रेत लोक मागणं घेऊन येतात, हव्या त्या वस्तूची चिमुकली प्रतिकृती दुपारी बाराच्या आत घेतली की वर्षभरात ती खरी मिळते म्हणून; तक्रार घेऊन कुणी येत नाही. निदान सातुर्निनाच्या दुकानावर तरी त्रेपन्न वर्षांत कुणी आलं नव्हतं. म्हणून चोवीस जानेवारीच्या सकाळी लाल जाकिटातली एक पोरगी गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं अंगठ्याएवढा पत्र्याचा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, तेव्हा सातुर्निनाला वाटलं, हिला दुसरा रंग हवा असेल.

"दोन्या, हा मी गेल्या वर्षी तुमच्याकडूनच घेतला होता." बाईमाणसाला मानानं 'दोन्या' म्हणणाऱ्या त्या पोरीचा आवाज पार बसलेला होता.

"माझंच काम आहे, दिसतंय की. दुपारी बाराच्या आत घेतला होतास ना?"

"बाराच्या आत घेतला. यातिरीबाबांकडून धूर दिला, त्यांनी दारू शिंपडली, पाकळ्या उधळल्या. घरी नेऊन सुबत्तेच्या देवाच्या, एकेकोच्या गळ्यात बांधला. सगळं रीतसर केलं."

"मग? आला नाही?"

"आला ना! आला म्हणूनच तर आलेय." पोरीनं तो चिमुकला डबा नखानं उघडून पालथा केला. "हा आतून रिकामा. मलाही रिकामाच आला. माझ्या काकानं इंटरनेटचं दुकान बंद केलं, होतं नव्हतं ते विकलं आणि मला काय दिलं? नुसता खोका! आत एक स्क्रूसुद्धा नाही."

शेजारी एलोदियाचं दुकान होतं. ती बोटभर लांबीच्या नोटांची पुडकी विकायची. ती हसत हसत नोटांवर आडवी झाली. "अगं सातु, ऐकलंस का? म्हणजे वर डोंगरावर एल आल्तोत निम्म्या घरांना जिना नाही, तो तुझ्या बिनजिन्याच्या पत्र्याच्या घरांमुळेच!"

"आत कोण बघतंय, पोरी?" सातुर्निना म्हणाली. पण तोंडातून शब्द गेले आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

कारण याच टेबलामागे उभी राहून तिची आई ओरडायची, "माझ्याकडून जसं न्याल, तसंच मिळेल!" आईनंतर सातुर्निनाही तेच ओरडत आली. या शहराला कधी काय हवं होतं, ते तिच्या बोटांना पाठ होतं. ती लहान होती तेव्हा लोक रेडिओ मागायचे, शिवणयंत्र मागायचे. मग ते महागाईचं वर्ष आलं, पगार पोत्यात भरून आणावा लागायचा. तेव्हा नोटांकडे कुणी ढुंकून बघेना, सगळ्यांना पिठाची आणि साखरेची चिमुकली पोती हवी होती. पुढे सुटकेसी आल्या, पासपोर्ट आले. इतक्या सुटकेसी तिनं केल्या की अर्धी गल्ली स्पेनला गेली. शिवणयंत्र करायचं ठरलं तेव्हा आईनं शेजारणीचं यंत्र खोलून बघितलं होतं, आणि त्या पत्र्याच्या यंत्राचं चाक खरोखर फिरायचं. कॉम्प्युटर मात्र सातुर्निनानं काचेच्या कपाटाबाहेरून बघितला, सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापला, काळा रंग दिला आणि मोकळी झाली.

"नाव काय तुझं?"

"योसेलिन."

"आवाजाला काय झालं?"

"मिनीबसच्या दारात उभी राहून थांब्याचं नाव पुकारते. सेहा, सेहा, सेहा! दिवसातून हजार वेळा ओरडते."

"बस इथं. आणि आत काय काय असतं, ते सांग मला."

योसेलिन बोटांवर मोजत सांगू लागली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय आणि सगळ्यात महाग ते ग्राफिक्स कार्ड. ते नसलं तर खेळ म्हणजे नुसती ढकलगाडी. काकाच्या दुकानात तिच्या पाच जणांचा संघ होता. दुकान बंद पडल्यावर बाकी चौघांनी कसेबसे आपापले कॉम्प्युटर जमवले. "आता ते चौघं खेळतात आणि मी फोन कानाला लावून ऐकते," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षीच्या जत्रेला तुला भरलेला देईन," सातुर्निना म्हणाली. "पण तोवर जो जो भाग मिळेल, तो आधी मला आणून दाखवायचा. बघितल्याशिवाय मी करणार नाही. एकदा केलं, त्याचं फळ बघतेच आहे."

एलोदिया डोळे पुसत म्हणाली, "आणि पोरी, जाताना नोटा घेऊन जा. त्याही लागतील."

योसेलिन खरंच येऊ लागली. सातुर्निना स्मशानाच्या वरच्या गल्लीत एका खोलीत राहायची. सुट्टीच्या दिवशी पोरगी केबल कारनं खाली उतरायची, येताना कोपऱ्यावरून मक्याचं गरम जांभळं पेय, आपी, पिशवीत बांधून आणायची आणि जाकिटाच्या आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढायची. मार्चमध्ये मदरबोर्ड आला. एका हिशेबनिसाचं ऑफिस गुंडाळलं जात होतं, तिथून मिळालेला. सातुर्निनानं चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि तो खिडकीत नेला.

"अगं, हा तर गाव आहे! या गल्ल्या, हे चौक. आणि ही मधली मोकळी जागा कसली?"

"तिथं प्रोसेसर बसतो. तो सगळा विचार करतो."

"म्हणजे नगरपालिका."

"नाही हो दोन्या, हा खरंच काम करतो."

सातुर्निना इतकी हसली की आपी सांडलं. मग तिनं दोऱ्यानं लांबी-रुंदी मोजली, दोऱ्याला गाठी मारल्या आणि एका पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं, "गाव". जूनमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या आल्या, सप्टेंबरमध्ये पॉवर सप्लाय. प्रत्येकाच्या गाठी वेगळ्या, पाकीट वेगळं. प्रत्येक वेळी ती तेच विचारायची, "आणि हे नसेल तर काय होतं?" योसेलिनला ठाऊक असे तेव्हा ती सांगायची, नसे तेव्हा फोनमध्ये बघून सांगायची. सत्तरीनंतर आपल्याला असा नाद लागेल, असं सातुर्निनाला वाटलं नव्हतं. नखाच्या टोकाएवढ्या त्या पट्ट्या कापताना तिला आईची आठवण यायची, पण आता रडू येत नसे. आईला हे दाखवायला हवं होतं, एवढंच वाटायचं.

ग्राफिक्स कार्ड मात्र येईना. डॉलर मिळेनासा झाल्यापासून त्याच्या किमती महिन्या-महिन्याला वर चढत होत्या, आणि योसेलिन जेवढं साठवी तेवढं ते दूर जाई. शेवटी नोव्हेंबरातल्या एका रविवारी सातुर्निना स्वतःच म्हणाली, "ते जिथं विकायला असतं, तिथं घेऊन चल मला."

एल आल्तोच्या त्या बाजारात काय मिळत नाही? जुन्या कपड्यांचे ढीग, गाडीचे दरवाजे, कोंबड्या, आणि मग एका गल्लीत नुसत्या वायरी. वाल्तेर नावाचा एक जाडा माणूस निळ्या ताडपत्रीवर कॉम्प्युटरची आतडी मांडून बसला होता.

"काय कासेरिता, घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" त्यानं गिऱ्हाइकाला घालतात तशी लाडिक साद घातली.

"बघायचंय. बघितल्याशिवाय करणार कसं?"

"तुम्ही करणार? ग्राफिक्स कार्ड?"

"हो. सार्डिनच्या डब्यातून."

वाल्तेरनं योसेलिनकडे बघितलं. योसेलिननं खांदे उडवले. सातुर्निनानं खिशातून दोरा काढला, एक कार्ड उचललं आणि मोजायला लागली. कार्डावर दोन पंखे होते.

"दोन कशाला?"

"तापतं ना ते. आणि इथं वर हवा विरळ. खालच्या गावांसाठी बनवलेली यंत्रं इथं आली की धापा टाकतात."

"म्हणजे यालाही उंचीवरचा सोरोचे लागतो!" सातुर्निनाला फार आनंद झाला. परगावाहून आलेल्या पाहुण्यांची डोकी इथं दुखतात, ते अंथरुणात पडून राहतात, हे ती जन्मभर बघत आली होती. "मग कोकाच्या पानांचा चहा पाजत नाही का?"

"पंखेच पाजतात, दोन्या," वाल्तेर हसू दाबत म्हणाला.

त्या जानेवारीत सातुर्निनानं दुसरं फारसं काही केलंच नाही. घरं थोडी, गाड्या थोड्या. टेबलाच्या मधोमध कॉम्प्युटर. एका बाजूला पत्र्याऐवजी गोळीच्या पाकिटातला पारदर्शक तुकडा लावलेला, आत गाव, नगरपालिका, दोन पट्ट्या, पॉवर सप्लाय आणि कार्ड. कार्डाचे पंखे टाचणीवर बसवलेले, फुंकर मारली की फिरतील असे. जत्रेतले लोक थांबून थांबून बघत होते. एलोदिया प्रत्येकाला सांगत होती, "आत बघा, आत! यंदा आमच्या सातुनं आतही केलंय!"

बाराला दहा मिनिटं असताना योसेलिन धावत आली. सातुर्निनानं शेवटची फुंकर मारून बघितली. एक पंखा फिरला. दुसरा हलला नाही. सकाळी डाख जरा जास्त ओघळली होती, टाचणी तिच्यात अडकली होती. ती सोडवायची तर डाख द्यायची सळई तापवायला हवी, आणि घंटा वाजायला आल्या होत्या. यातिरींच्या धुराचे लोट आधीच उठले होते.

"द्या ना दोन्या, बारा वाजतील!"

सातुर्निनानं क्षणभर तो डबा हातात धरला. मग दिला. एवढासा पंखा, कोण बघतंय, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मे महिन्यात योसेलिन वर धावत आली. जिना चढून येताना तिला बोलताही येईना.

"आलं!"

"कार्ड? कसं?"

"वाल्तेरनं बोलावून दिलं. तुम्ही दोऱ्यानं मोजलं होतं ना, तेच! कुणी घेईना म्हणून निम्म्याहून कमीत दिलं. वर म्हणाला, त्या आजींना सांग, पुढच्या जत्रेला मला एक दुकान करून द्या, छप्पर असलेलं."

"मग तुझा कॉम्प्युटर चालला?"

योसेलिनचा चेहरा पडला. "चालतो. सहा-सात मिनिटं. मग तापतो आणि फट्कन बंद पडतो. म्हणून तर कुणी घेत नव्हतं. त्याचा एक पंखा फिरत नाही."

सातुर्निना खुर्चीत बसली. मग विचारलं, "कुठला? डावा की उजवा?"

"डावा. का?"

"माझा दोष आहे," सातुर्निना म्हणाली. "तुला दिला त्यातला डावा अडकलेला होता. मला दिसलं होतं. बाराची घाई होती, म्हटलं कोण बघतंय. दोनदा तेच म्हटलं मी."

"अहो दोन्या, काहीतरीच काय! जुनं कार्ड आहे ते, धूळ बसलीय."

"असेल. तू उद्या तो छोटा घेऊन ये आणि मोठंही घेऊन ये."

"मोठ्याचं काय करणार तुम्ही?"

"आधी आण तर खरी."

दुसऱ्या दिवशी दोन्ही समोर ठेवल्यावर सातुर्निनानं आधी डाख द्यायची सळई तापवली, ती छोट्यासाठी. योसेलिन खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होती. "दोन्या, मोठं आधी बघूया ना."

"गप. जसं न्याल, तसं मिळेल. आधी न्यायचं नीट करू दे."

चिमुकल्या पंख्यावरची डाख वितळली, तिनं फुंकर मारली, पंखा फिरला. मग तिनं खऱ्या कार्डावर वाकून डाव्या पंख्याच्या मधला कागदी शिक्का नखानं उचलला. खाली लहानसा आस होता, कोरडा ठाक, कडेनं काळं साचलेलं. आईनं खोललेल्या शिवणयंत्राचा आस असाच दिसला होता. तिनं मऊ फडक्यानं तो पुसला, यंत्राच्या तेलाच्या कुपीत टाचणी बुडवली आणि टाचणीच्या टोकावरचा एकच थेंब आत सोडला. दुसरा सोडायचा मोह झाला, पण सोडला नाही. बोटानं पंख्याला टिचकी मारली. तो जड फिरला, मग हलका झाला, मग फिरतच राहिला.

"आता बघ तुझ्या घरी लावून."

"मी एकटी नाही लावणार," योसेलिन म्हणाली. "तुम्ही चला."

योसेलिनची खोली एल आल्तोत, तिसऱ्या मजल्यावर, कच्च्या विटांची. वर जायला बाहेरून शिडी होती. सातुर्निना पायरी-पायरीवर थांबली आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "जिना नाही. बघितलंस? जिना नाही." कपाटावर मिशाळ एकेको उभा होता, अंगभर पोती आणि पुडकी लादलेला, गळ्यात छोटा कॉम्प्युटर. खाली मोठा. योसेलिननं बटण दाबलं. पडदा उजळला. सातुर्निना पडद्याकडे बघेचना, ती कॅबिनेटच्या काचेला नाक लावून पंख्यांकडे बघत होती. दोन्ही फिरत होते. सात मिनिटं झाली. दहा झाली. पंधराव्या मिनिटाला योसेलिननं कानावर हेडफोन चढवला आणि बसलेल्या आवाजात ओरडली, "आहे मी! अरे, मी आहे! पाचवी आले!"

मग ती खेळली. सातुर्निना स्टुलावर बसून बघत राहिली. पडद्यावर एक अख्खं शहर होतं, ओळीनं उभी घरं, खिडक्यांना पडदे, गॅलरीत कुंड्या. इतकी बारीक कारागिरी की तिचे हात शिवशिवले.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्या हिरव्या दाराच्या घरात जा. आत कसं केलंय, ते बघू दे मला."

योसेलिन हिरव्या दारापर्यंत गेली. दार उघडेना. तिनं धक्का दिला. काहीच झालं नाही.

"ते उघडत नाही, दोन्या. नुसता देखावा असतो. आत काही नाहीच, पोकळ आहे."

"कुणी बनवलंय हे?"

"मोठ्या कंपन्या बनवतात. शेकडो माणसं असतात."

सातुर्निना हसायला लागली. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे टिपले, पुन्हा पडद्यावरच्या त्या बंद दाराकडे बघितलं आणि योसेलिनच्या हेडफोनच्या माईकजवळ तोंड नेऊन, संघातल्या चौघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांना सांगा रे कुणीतरी. उद्या लोक तक्रार घेऊन येतील!"