छत्रीतलं कानडी

सोमेशनं उदगीरच्या घरावर टीव्हीची छत्री बसवली ती कुस्त्या बघायला. महिन्याचा खर्च नाही आणि चॅनेल दीडशेच्या वर, असं मेकॅनिक बसवराज म्हणाला होता. तो अजून वरच होता, तेवढ्यात खाली पहिलं चॅनेल लागलं, त्यावर गोल गोल अक्षरं आली आणि सोमेशची आई गुरम्मा म्हणाली, "कानडी हाय. ऱ्हाऊ दे." सोमेशची कुस्ती तिथंच चितपट झाली.

गुरम्माचं माहेर भालकीच्या अलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. तिचं कानडी 'बेडा' म्हणजे नको आणि 'साकु' म्हणजे पुरे, यांच्या पुढं कुणी ऐकलं नव्हतं. पण हे दोन शब्द ती अशा दमात म्हणायची, की बाकीची भाषा तिला येत असणारच, असं घरानं धरलं होतं. आता रोज सात वाजता ती सगळ्यांना मालिका समजावून सांगू लागली.

सून मंजुश्रीला मुखेडच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. नेमकी त्याच आठवड्यात मालिकेतली सूनही नोकरीला निघाली.

"काय म्हणायलीय ती, अव्वा?" सोमेशनं विचारलं.

"सासू म्हणायली, जा की माय. माझं बीपी तेवढं बघून जा."

पडद्यावर दोघी हसत होत्या.

"दुःखाचं हसणं हाय ते," गुरम्मा म्हणाली.

बुधवारी ती सून एसटीतून पडली. एसटी कुठं दिसली नाही, एक हत्ती दिसला. त्याच्याच धक्क्यानं पडली, असं गुरम्मानं सांगितलं. रात्री जेवताना सोमेश म्हणाला, "मंजू, आपण घाई करायलोत का, बघ." बी.एड.ला बायकोला रोज गाडीवर सोडणारा माणूस, परक्या हत्तीला भ्याला.

शनिवारी वाऱ्यानं छत्री फिरली. गुरम्मा महादेवाला गेली होती. बसवराजनं छत्री नीट केली, खाली येऊन चित्र बघितलं.

"वैनी, तुमच्यात तेलुगू कुणाला येतं?"

"कानडी हाय ते."

"मी देगलूरचा. गल्लीत तेलुगूच बोलत वाढलो. अक्षरं सारखी दिसत्यात, पण हे तेलुगू हाय."

"मग ती सून?"

"कुठली सून? बहिणी हायत दोघी. हत्ती विकायचा का न्हाई, एवढंच चालू हाय."

मंजुश्रीनं त्याला दुसरा चहा दिला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सातला ती गुरम्माच्या शेजारी बसली. "आत्याबाई, आज मी सांगते. रोज ऐकून मला बी कळायलंय." आणि तिनं सुरू केलं. "सासू म्हणायली, सोमवारी बिनघोर जा. माझ्या गोळ्या मी घेते."

"असं न्हाई म्हणली ती."

"मग काय म्हणली?"

गुरम्मानं तोंड उघडलं. पडद्यावर हत्तीची आंघोळ चालली होती. सोमेश आईच्या तोंडाकडं बघत होता.

"तसंच म्हणली," गुरम्मा म्हणाली.

"आणि म्हणायली, डब्याला धपाटे करून देते."

"धपाटे न्हाई," गुरम्मा ठासून म्हणाली. "भाकरी म्हणली."

मंजुश्रीनं ते मान्य केलं. भाषांतरात तेवढं इकडं-तिकडं व्हायचंच.

सोमवारी मुखेडच्या गाडीत तिच्या मांडीवर भाकरीचा डबा होता. सोमेश खिडकीखाली उभा होता. गाडी हलताना तो हळूच म्हणाला, "हत्तीपासनं जपून."