मोकळी खोली

माझी धाकटी लेक कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिली, तेव्हा तिच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर इस्त्रीची घडी दुहेरी पडली होती. चौतीस वर्षं मी इस्पितळाच्या लाँड्रीत काढली. मला आधी घडी दिसते, मग माणूस. तिच्यावर आरोप काय ते सगळ्या पेपरांनी छापलं होतं. माझी मजल तिसरीपर्यंतच, तरी बोट फिरवत फिरवत मी ते वाचून काढलं. माणसं कोंडून ठेवली, अन्नपाणी तोडलं, एका बाईचा जीव जाता जाता वाचला.

तिची कंपनी नावाजलेली होती. झोप उडालेली, नोकरीने पिळून काढलेली, नवऱ्याने टाकलेली माणसं तिच्याकडे पंधरा-पंधरा दिवस राहायला यायची. सकाळी व्यायाम, दुपारी मौन, संध्याकाळी तिचं बोलणं. एखादा फार रडायला लागला, वाद घालायला लागला, तर त्याला मोकळ्या खोलीत न्यायचे. चार भिंती, एक चटई आणि कडी बाहेरून. मन मोकळं झालं की दार उघडायचं. आणि मन मोकळं झालं हे कळायचं कसं, तर आतला आवाज थांबला की.

हे तिला कुठून सुचलं ते ती भरल्या सभेत सांगायची, मला पहिल्या रांगेत बसवून. "मी लहानपणी फार हट्टी. आईने एकदा मला कोंडलं. म्हणाली, रडून मोकळी हो, मग दार उघडते. अर्धाच तास, पण मला वाटलं दिवस गेला. त्या अर्ध्या तासाने मला घडवलं."

टाळ्या पडायच्या. शिकलेल्या, मोठ्या पगाराच्या बायका येऊन माझे हात हातात घ्यायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. जन्मभर जिला लोकांनी "ए चादरवाली" म्हणून हाक मारली, तिला मिरवायला मिळालं तर ती मिरवणारच. मी मान ताठ करून बसायचे.

मग ती बँकेतली बाई आली. तिशीची असेल. तिला खोलीत घातलं आणि ती तिथे तीन दिवस राहिली. पहारा बदलायचा, आणि नव्या पाळीवाल्याला वाटायचं, मागच्याने उघडून पाणी दिलं असेल. ती आतून ओरडायची, दोन दिवस झाले, पाणी द्या. कोणी ऐकलं नाही, कारण धाकटीने सगळ्यांना नियमच घालून दिला होता: आतला माणूस वेळ फुगवून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, मलाही अर्धा तास दिवसासारखा वाटला होता. तिसऱ्या दिवशी धाकटी स्वतः दाराशी गेली. आत सामसूम. "झाली मोकळी," म्हणाली. दार उघडलं तर बाई बेशुद्ध. तिच्या किडन्या गेल्या त्या गेल्याच.

साक्षीच्या आदल्या दिवशी धाकटीचा वकील थोरल्याच्या घरी आला. थोरला म्हणजे माझा मुलगा. त्याच्या नव्या सोफ्यावर वकील बुटांसकट पाय पसरून बसला.

"आजी, तुम्ही फक्त दोन गोष्टी सांगायच्या."

"मी तुमची आजी नाही. तुमचे केस माझ्याहून पांढरे आहेत. बाई म्हणा."

सून तोंडावर पदर धरून आत पळाली.

"बरं, बाई. अर्धा तास कोंडलं होतं आणि मुलीला काही झालं नाही. एवढंच. म्हणजे हा घरातला जुना उपाय ठरतो. तिने स्वतः सोसलेला, चांगल्या मनाने दुसऱ्यांना दिलेला. दोन वर्षांत सुटेल. नाहीतर दहा धरून चला."

"आणि मी दुसरं काही बोलले तर?"

थोरला मध्ये पडला. "दुसरं काय बोलणार तू, आई? तेच तर सांगत आलीस जन्मभर."

तेच सांगत आले होते, हे खरं.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तो आता ऐकायला नाही. धाकटी पाच वर्षांची होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून मी तिला कामावर नेलं. घरी चल म्हणून तिने भोकाड पसरलं. मुकादम म्हणाला, कार्टं गप्प कर, नाहीतर दोघी बाहेर व्हा. लाँड्रीच्या मागे धुतलेल्या चादरींची खोली होती, बिनखिडकीची. सकाळचे आठ वाजले होते. मी तिला आत ढकललं, रडून मोकळी हो म्हटलं आणि कडी घातली. तेवढ्यात कुठे तरी बस उलटली आणि वरून रक्ताळलेल्या चादरींचे गठ्ठेच्या गठ्ठे यायला लागले. उकळत्या पाण्याच्या टाक्या, वाफ, रोलरचा धडधडाट. त्या आवाजात कोणाचं रडणं ऐकू येणार? मी पोरीला विसरले. पोटच्या पोरीला विसरले.

तीनला उशांचे अभ्रे संपले म्हणून मी ते दार उघडलं. ती दोन थप्प्यांच्या फटीत बसली होती. फ्रॉक ओला, ओठ पांढरे, बोटांची नखं तुटलेली. दाराच्या आतल्या अंगाला खालून हातभर उंचीपर्यंत रंग खरवडलेला. आवाज नाही. मी विचारलं, "झालीस का मोकळी?" तिने मान हलवली.

घरी जाताना ती म्हणाली, "आई, खूप वेळ झाला ना?"

"खूप कसला? अर्धा तास पण नाही झाला."

बापाला सांगेल, मुकादमाच्या कानावर जाईल, नोकरी जाईल. भीतीपोटी बोलले. मग दर वेळी तेच बोलत गेले. त्यानंतर ती माझ्यापुढे कधी रडली नाही, आणि मी चारचौघींत सांगत सुटले की माझी पोर बघा कशी शहाणी झाली. ती गप्प झाली होती, आणि मी म्हणत राहिले मोकळी झाली. हा घोळ माझा. पुढे तिने त्याच घोळावर कंपनी उभारली.

कोर्टात ती बँकेतली बाई पुढच्या बाकावर बसली होती. कोपरात पट्टी, चेहरा मातीच्या रंगाचा. शेजारी तिची आई. ती पाण्याची बाटली उघडायची, झाकणभर पाणी लेकीला द्यायची आणि बाटली परत बंद करायची. तिला त्याहून जास्त पाणी चालत नाही म्हणे.

वकिलाने विचारलं, "बाई, तुम्ही मुलीला किती वेळ कोंडलं होतं?"

धाकटी माझ्याकडे बघत होती. सभेत बघायची तशीच, शांत. तिला उत्तर पाठ होतं.

मी म्हणाले, "सात तास."

वकील हसला. "बाई, नीट आठवा. अर्धा तास ना?"

"माझी तिसरी झालीय, वकीलसाहेब. आठ ते तीन मला मोजता येतात."

"म्हणजे तसं वाटलं असेल—"

"तिला वाटलं नव्हतं. झाले होते. मी तिला विसरले होते. अर्धा तास मी तिला सांगितला. खोटं सांगितलं."

न्यायाधीशबाईंनी लिहायचं थांबवून वर बघितलं. "मुलीला काही इजा झाली होती?"

"नखं गेली होती. ती परत आली. बाकीचं परत आलं नाही."

वकील कागद गोळा करून बसला. त्याला माझ्याकडून आणखी काही ऐकायचं नव्हतं. थोरला दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. धाकटीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. फक्त तिची बोटं कठड्यावर एकेक करून उघडत गेली, आठ, नऊ, दहा, लहान मूल मोजतं तशी.

जेवणाच्या सुट्टीत दोन पोलीसबाया तिला व्हरांड्यातून नेत होत्या. मी पुढे झाले. त्यांनी अडवलं नाही.

"मी घंटा ऐकली होती," धाकटी म्हणाली. "इस्पितळातली, दुपारच्या जेवणाची. तुला सांगितलं तर म्हणालीस, ती सकाळचीच."

"हो."

"मला वाटायचं, मलाच मेलीला वेळ कळत नाही. परीक्षेतसुद्धा दहादा घड्याळ बघायचे."

"माझं चुकलं ग."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. "त्या बाईने दारातून सांगितलं होतं, आई. दोनदा उजाडलं म्हणाली. दाराखालच्या फटीतून उजेड बघून मोजलं होतं तिने. पहाऱ्यावरचे विचारायला आले, तर मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात."

पोलीसबाई म्हणाली, चला. ती गेली. मागे वळली नाही.

थोरला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "झालं समाधान? आठ वर्षं वाढवून दिलीस पोरीला. चल घरी."

"तू हो पुढे."

मी व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. दुसऱ्या टोकाला त्या बँकेतल्या बाईची आई बसली होती. लेकीला कोणी तरी आत नेलं असावं, ती एकटीच होती. मला वाटलं, काही बोलावं. काय बोलायचं ते जमवत होते, तोवर तिने पायाशी ठेवलेली आपली पिशवी उचलली, आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.