पेटीखोलीतला आत्मा

भुतं उतरवणारे फुंकरबाबा आले आणि अख्खी प्रयोगशाळा बोळात गोळा झाली. पेटीखोलीत दोन माणसं चक्कर येऊन कोसळली होती, तिसरी माझी ताई. त्या खोलीत काचेची बंद पेटी आहे. तिच्यात आर्गॉन वायू खेळवायचा आणि काचेला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून आतली पूड हाताळायची, हे ताईचं काम. भिंतीवरचं प्राणवायू मोजणारं यंत्र हल्ली सारखं किंचाळायचं. "आत्मा रडतोय," असं बाबांनी सांगताच प्रयोगशाळेच्या साहेबांनी यंत्राचे सेलच काढले. शिकलेली माणसं!

मी इथली डॉक्टर. मी विरोध केला, तर साहेब म्हणाले, "बाई, तुमचं औषध वेगळं, त्यांचं वेगळं."

बाबांनी खिडक्या बंद करवल्या, पंखा थांबवला. ताईला जमिनीवर बसवून पुढ्यात मेणबत्ती लावली आणि स्वतः उंच स्टुलावर चढले. "हवा खाणारा आत्मा आहे! ज्योत विझली की सुटलीस, पोरी!"

दाराच्या काचेतून आम्ही बघत होतो. ज्योत बारीक होत गेली आणि विझली. ना वारा, ना फुंकर. बोळात सगळ्यांचे हात जोडले गेले. मला मात्र ताईची कलंडलेली मान दिसली.

"सुटली!" बाबा ओरडले.

दार उघडून साहेब आत धावणार, तोच मी त्यांची कॉलर धरली. "तुम्हीही पडाल! आधी बोळातला आर्गॉनचा सिलिंडर बंद करा!" आगीच्या वेळेसाठी ठेवलेला, हवेच्या टाकीचा मुखवटा चढवून मी ताईला ओढत बाहेर आणलं. बाबा स्टुलावरून उडी मारून जे पळाले, ते फाटकापाशीच थांबले.

ताईने डोळे उघडले. "सुटले का गं मी?"

"जगातूनच सुटणार होतीस."

खोलीत वारा खेळू दिल्यावर कारण सापडलं. पेटीतला वायू खिडकीबाहेर सोडणारी नळी निसटून पेटीमागे लोंबत होती. आर्गॉनला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो बंद खोलीत तळाशी साचला. म्हणून खाली मेणबत्ती विझली, ताई पडली आणि स्टुलावरचे बाबा शाबूत राहिले.

तरी काहींना पटेना. मी अंगणात बादलीत तोच वायू भरला आणि तारेने जळती मेणबत्ती आत सोडली. ती विझली.

"आता बादलीलाही झपाटलं का?" मी विचारलं.

साहेबांनी मान खाली घालून नळी जोडली, सेल बसवले.

लोकहो, यंत्र किंचाळलं तर हात जोडत बसू नका. आधी बाहेर पडा, मग कारण शोधा. माझी ताई वाचली, पण दर वेळी दाराबाहेर कुणाची तरी बहीण उभी असेलच असं नाही.