सातवा खळगा

"अहो, त्याला हातोडी लावलीत तर बघा हं! पोरगी येऊन जाब मला विचारेल."

बायकोने स्वयंपाकघरातूनच दम भरला. तिला काही दिसलं नव्हतं. हत्यारांच्या पेटीची कडी तेवढी ऐकू आली होती. आणि ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात चाळीस वर्षं घालवलेला डेंटर निवृत्तीनंतर ती पेटी उगाच उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नुसती बघतोय गं," तो म्हणाला आणि हातोडी हळूच बाहेर काढली.

मांडीवर मुलीचा हँडपॅन होता. दोन पोलादी कढया तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसं वाद्य. मधे टेंगूळ, भोवती आठ खळगे, प्रत्येकाचा सूर निराळा. वर्षभरासाठी परगावी नोकरीला जाताना मुलीने तो त्याच्या हवाली केला, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला होता. "नवी वस्तू आणि आठ पोचे? फसवलं की तुला!"

मुलगी हसून बेजार. "बाबा, ते मुद्दाम पाडलेत. ठोकून ठोकूनच सूर लावतात."

ठोकून सूर लावतात! हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. जन्मभर त्याने पत्रा सरळ करायला ठोकला, इथे कुणीतरी तो बोलता करायला ठोकला होता. कसा, हे कळल्याशिवाय चैन कसली पडतेय? आठवड्यातून एकदा पुसायला म्हणून घेतलेलं वाद्य रोज मांडीवर येऊ लागलं. ओरखडा नको म्हणून साबण लावून लावून बोटातली अंगठी काढली. मुलगी फोनवरून शिकवायची, "बाबा, दार ठोठावताय का? तापल्या तव्याला बोट लागल्यासारखं, लावलं की उचलायचं." वाजवून झालं की घामाचे डाग मऊ फडक्याने टिपायचे, महिन्याकाठी तेलाचा पुसटसा हात. स्वतःच्या स्कूटरचेही त्याने इतके लाड केले नव्हते.

आणि पंधरा दिवसांपूर्वी सातवा खळगा बसला. बाकीचे घुमत, हा टप् वाजून गप्प. त्याने तेलाला दोष दिला, फडक्याला दिला, शेवटी स्वतःलाच दिला. एक दुपार वाद्य खिडकीतल्या उन्हात राहिलं होतं. मुलगी रविवारी येणार. कुणाला बोट लावू न देणारी पोरगी विश्वासाने सोपवून गेली, आणि आपण वाटोळं केलं! सूर लावायचं काम त्यातल्या जाणकाराचं, असं तिने बजावलं होतं. पण शेवटी पत्राच ना तो?

शेवटची खात्री म्हणून त्याने सातव्यावर बोट टेकवून उचललं. टप्. त्याने हातोडी उगारली.

"हां, तोच!" बायको हात पुसत दारात आली होती. "सगळ्यांत गोड तोच. किती वेळ घुमतो मेला!"

हातोडी वरच राहिली. "घुमतो?"

"न घुमायला काय झालं? हा काय, अजून घुमतोय."

त्याने सातवा पुन्हा वाजवून खळग्याच्या कडेला बोट लावलं. पत्रा थरथरत होता, अगदी ठणठणीत. बोटांनी त्याला कधी फसवलं नव्हतं. गेला होता तो कान, निदान या सुरापुरता. चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीत केव्हा गेला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. आणि एका घावात आपण चांगला सूर मारणार होतो! पण कानाहून जास्त वाईट वाटलं ते हातचा गेलेल्या सुराचं. आता कुठे ओळख होत होती.

त्याने हातोडी पेटीत ठेवून कडी लावली.

"इकडे ये, समोर बस," तो म्हणाला. "मी वाजवतो. घुमतोय तोवर बोट वर धरायचं."

"या वयात शाळेत घालताय मला?" म्हणत ती बसली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुढची थट्टा तिने गिळली आणि बोट वर केलं.

त्याने सातवा वाजवला. टप्. त्याच्यापुरती खोली शांत झाली.

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. ते अजून वरच होतं.