उजवा लगाम

लगामाचा डावा पट्टा अजून तपकिरी होता. उजवा मात्र, जिथं अंगठा आणि पहिलं बोट लगाम धरतात तिथं, टीचभर काळा पडला होता—घाम पिऊन, ताण खाऊन, कातडं पातळ झालेलं आणि कडेनं वळलेलं... आकारामनं तेलाचं फडकं त्यावरून पुन्हा एकदा फिरवलं. तेलानं काळं जात नाही हे त्याला ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या घोड्यांत काढलेल्या माणसाला हेही ठाऊक होतं की दोन्ही पट्टे सारखे झिजायला हवेत. शाळेतली एखादी मुलगी असा लगाम घेऊन आली असती तर त्यानं सगळ्यांदेखत विचारलं असतं, उजव्या हातानं काय विहिरीचं पाणी शेंदतेस? पण त्याला कोण विचारणार? लगाम तोच पुसायचा, तोच खुंटीला टांगायचा.

आज नाथाजी येणार होता. जतकडचा मेंढरांचा मालक. गुडघे गेले, कळपामागं चालवत नाही, म्हणून बसायला एक शहाणी घोडी हवी. आणि पाचगणीच्या या मुलींच्या शाळेला एक घोडी विकायला काढायची होती. काढायची होती म्हणजे—घोडेस्वारी शिकवणाऱ्या आकारामनंच ती काढायला लावली होती. दसऱ्याआधी तो मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंकडं गेला, फौजेतल्यासारखा ताठ उभा राहिला आणि म्हणाला की डचेस मागच्या दोन पायांवर उभी राहते, मुलींच्या कामाची नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दफादार म्हणतात म्हणजे तसंच असणार, म्हणाल्या. घोड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द त्या शाळेत काळ्या दगडावरची रेघ. डचेस हे नाव शाळेनं ठेवलेलं. आकारामच्या तोंडात ते कधीच दाची होऊन बसलं होतं, आणि घोडीही कान द्यायची ती त्याच नावाला.

खोटं नव्हतं ते. उभी राहत होतीच ती. श्रावणात पठारावर धुकं होतं, मुलींची रांग मागं, आणि समोरून कुणा पाहुण्याची छत्री एकदम फटकन उघडली... दाची उभी राहिली, आणखी उभी राहिली, मग समोर आभाळाशिवाय काही उरलं नाही, आणि ती पाठीवर कोसळली. तो बाजूला फेकला गेला. खोगिराचा पुढचा उंचवटा त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर चिखलात रुतला. फौजेचा नियम असा की पडलेला स्वार आधी पुन्हा बसतो, मग कपडे झटकतो. घोडी उठली, तो बसला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाईंनी साऱ्या शाळेला ते धैर्य म्हणून सांगितलं. तिथंच चुकलं सगळं. टाळ्या वाजल्यावर माणूस कोणत्या तोंडानं सांगणार की भ्यालो? मला थोडा वेळ भिऊ दिलं असतं, चिखलात बसून, एकट्याला, तर ती भीती कदाचित तिथंच राहिली असती. मी तिला उचललं आणि घोडीवर बरोबर घेऊन बसलो.

तेव्हापासून हा हात. बाकीच्या घोड्यांवर काही नाही. दाचीवर मांड टाकली की उजवी मूठ तिच्या लगामावर आपोआप मिटायची. तोंडातलं लोखंड तिच्या जिभेवर रुतायचं. पुढची वाट बंद झालेला घोडा जाणार कुठं—वर! मुलींना तोच तर शिकवत आला होता हे. मूठ मिटतेय हे दिसायचं, बोटं उघड असं तो स्वतःला सांगायचा, आणि बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी घट्ट राहायची. दाची पुढून हलकी व्हायची, उठायची, तो उतरायचा. मुलींना त्यानं तिच्यावर बसूच दिलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाखाली ती उठते का हे कुणालाच कळलं नाही. दसऱ्याला सगळ्या घोड्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. तिच्यापुढं गेल्यावर तिनं त्याच्या खिशाला नाक लावलं, गूळ शोधत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओळखलं होतं फक्त शालूबाईनं. बायकोपासून काय लपतं? झोपेत मूठ आवळता, म्हणाली, आणि सकाळी चहा देताना, "आवं, सांगून टाका की बाईस्नी." सांगून टाका! भिणारा घोडेमास्तर कोण ठेवील? मग ही तबेल्यामागची खोली गेली, नळाचं पाणी गेलं, आणि परत गावाकडं, माणला, जिथं बहात्तरच्या दुष्काळात हिनं रस्त्याची खडी फोडली. हाताचे घट्टे अजून आहेत तिच्या. तरी म्हणते सांगून टाका.

नाथाजी दुपारच्या एसटीनं आला. पांढरा फेटा, काखेत घोंगडी, चालताना दर पावलाला गुडघ्यावर हात. विनोदिनीबाईही पठारावर आल्या. नाथाजीनं दाचीचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, कपाळावरचा भोवरा पाहिला, आणि पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग आकारामच्या खांद्याचा आधार घेऊन कण्हत वर चढला.

आकाराम दोन पावलं मागं सरला.

काही झालं नाही. म्हाताऱ्यानं दोन्ही पट्टे एका हातात सैल सोडले, दुसऱ्या हातानं चंची काढली. घोडी वाळल्या गवतातून निघाली, मान खाली, फुरफुरत. तंबाखू मळत मळत तो पार कड्याजवळ गेला, वळला, जरा दुडकी धरून परत आला. दाची उभी राहावी असं आकारामला वाटलं, आणि लगेच तसं वाटल्याची लाज वाटली. इतकं सोपं होतं हे. इतकं सोपं होतं, आणि मी तिला खोडीची ठरवली.

उतरल्यावर नाथाजीनं पिंक टाकली. "गाय हाय की ही. आता खोड सांगा. खोड ऐकल्याबिगर मी जनावर घेत न्हाई."

म्हसवडच्या बाजारात वडील असंच करायचे. दावं हातात देण्याआधी बैलाची खोड मोठ्यानं सांगायची—नांगराला बसतो, डाव्या अंगाला मारतो—बैलालाही ऐकू जाईल अशी. लपवलेल्या खोडीचं पाप विकणाऱ्याला, सांगितलेलीचं कुणालाच नाही. पण नसलेली खोड सांगितली तर? ते वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. तसला माणूस त्यांच्या बाजारात कधी आलाच नसावा. आणि खोडीची म्हणून नाव पडलेली घोडी शेवटी ज्याच्याकडं काटेरी लगाम आणि आसूड असतो त्याच्याकडं जाते, हे आकारामला पक्कं माहीत होतं. खोड नाही म्हणावं, तर मग विकता कशाला?

"दफादार, ती उभी राहते ना?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात."

"माज्याखाली न्हाई ऱ्हायली," नाथाजी म्हणाला.

"माज्याखाली ऱ्हाती."

आकाराम बोलून गेला. कुणीतरी दुसराच बोलल्यासारखं त्यानं ते ऐकलं. बाईंना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. त्या वाऱ्यानं उडणारा पदर आवरत होत्या. नाथाजीनं मात्र त्याच्याकडं जरा रोखून पाहिलं आणि लगाम पुढं केला. "मग दावा."

रिकिबीत पाय टाकताना तीच भीती आली, श्रावणातली. चांगलंच आहे, तो स्वतःशी म्हणाला. आता उठेल. आता या दोघांना दिसेल की ही म्हाताऱ्याखाली गाय असते आणि माझ्याखाली उठते, मग ज्याला जे समजायचं ते समजू दे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती उठावी म्हणून तो तिच्यावर बसला होता. नाही उठली तर खोटा ठरणार होता, पुन्हा एकदा, खरं बोलल्यावर.

दाचीनं कान मागं वळवले. थांबली. त्यानं वाट पाहिली.

"ऊठ की," तो हळूच म्हणाला.

ती चालू लागली. पिवळ्या गवतातून, मान लांब करून, नाथाजीला घेऊन गेली होती तशीच. बोचरा वारा होता, खाली कृष्णेचं खोरं उन्हात पडलं होतं. एक टिटवी पायाशीच उडाली, घोडीचं अंग शहारलं, त्याचंही. पुढं काही नाही. भीती गेली नव्हती. होती, पोटात, आपल्या जागी, ओल्या घोंगडीसारखी जड. पण कुणापासून लपवायची म्हणून आवळून धरावी अशी ती आता राहिली नव्हती. उद्या असेल का असंच? काय सांगावं! मूठ उद्या पुन्हा मिटेलही.

मागून नाथाजीची हाक आली. "दफादार, खोड दिसंना की वो!"

काय सांगायचं त्याला? खोड होती, आज आली नाही? द्यायची का घोडी, आणि ठेवायची तर आता काय म्हणून? बाई नक्की विचारतील. परत वळायची घाई त्यानं केली नाही. त्यानं खाली पाहिलं. सैल सुटलेल्या लगामावरची ती काळी जागा मुठीच्या कितीतरी पुढं, घोडीच्या मानेजवळ हलत होती, आणि त्याचा अंगठा कोऱ्या, तपकिरी कातड्यावर टेकला होता.