काळं बूच, लाल बूच

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर आत चला. पत्र्याच्या छपराचं लांबट शेड आहे. डाव्या हाताला मोठा कप्पा, त्यात शेळ्या आणि त्यांची दूधपिती करडं. उजवीकडे लहान कप्पा, तिथे आईविना वाढणारी, बाटलीवर जगणारी करडं. आणि अगदी टोकाला, भिंतीआड, आजाऱ्यांची खोली. तिच्या दारात चुन्याचा पांढरा पट्टा, पट्ट्यापलीकडे रबरी बुटांचा एक जोड. तो तिथेच घालायचा आणि तिथेच काढायचा. आलं डोळ्यांसमोर? मग आता मधल्या वाटेवरची ती मुलगी बघा. तिच्या हातात रिकामी बाटली आहे आणि तोंडचं पाणी पळालंय.

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. आज मात्र तिचे पाय जमिनीला खिळले होते.

शेड तिच्या आत्याचं. आत्या रोज सकाळी एकेका करडाची शेपटी वर करून बघायची. शेपटी कोरडी असली आणि खाली गोल लेंड्या दिसल्या की त्याला सोडायची. शेपटी ओली, चिकट लागली की ते करडू उचलून थेट टोकाच्या खोलीत. "ही हगवण त्यांच्या घाणीतून पसरते," ती सांगायची. "डोळ्यांना काही दिसत नाही. हाताला लागते, बुटाला लागते, आणि गेलीच दुसऱ्याच्या पोटात." म्हणून धडधाकटांना आधी पाजायचं, आजाऱ्यांना सगळ्यांत शेवटी. धडधाकटांच्या बाटलीला चोखायचं काळं रबरी बूच, आजाऱ्यांच्या बाटलीला लाल. काळं बूच त्या खोलीत कधीच जायचं नाही.

ते गेलं होतं.

कापशी नावाचं पांढरंशुभ्र करडू टोकाच्या खोलीत पडून होतं. लाल बूच नवंकोरं, कडक. कापशी ते तोंडात घ्यायची आणि जिभेने बाहेर ढकलायची. काळं बूच मात्र चोखून चोखून मऊ झालेलं, तिच्या ओळखीचं. भिंगरीने ते गुपचूप नेलं आणि कापशी गटागटा प्यायली! भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं. मग तिने बूच नळाखाली धरलं, फ्रॉकला पुसलं आणि परत जागेवर चढवलं. त्याच बुचाने तिने लहान कप्प्यातल्या सगळ्यांना पाजलं.

आणि आज त्यांतली दोन करडं ओल्या शेपट्यांनी कोपऱ्यात उभी होती. पाठीला बाक, डोळे खोल गेलेले.

"हा सगळा त्या गळक्या नळाचा प्रताप," आत्या म्हणाली. "बघ, कशी ओल धरलीय. ही दोघं जातील टोकाला. बाकीची चांगली दिसतायत, त्यांना मोठ्या कप्प्यात सोडू. कोरड्यात तरी राहतील."

भिंगरीने लहान कप्प्यात पाहिलं. बाकीची चांगली दिसत होती, पण बूच सगळ्यांनीच चोखलं होतं. आणि मोठ्या कप्प्यात तर परवाच जन्मलेली पिल्लं होती, धड उभंही राहता न येणारी.

"अगं, नुसती बघतेस काय? पाहुणी आहेस का? धर ते एक."

"आत्या..."

"बोल की. तोंडात गुळणी धरलीय का?"

सांगितलं तर आत्या या दारात पुन्हा पाऊल टाकू देणार नाही. मग कापशीजवळ कोण बसणार? आणि नाही सांगितलं तर? भिंगरीला एकदम सगळं शेड रिकामं दिसलं. एकही बें बें नाही, नुसता पत्रा वाजतोय.

आत्याने चांगल्या दिसणाऱ्यांतलं एक करडू काखेत मारलं आणि मोठ्या कप्प्याच्या कडीला हात घातला.

भिंगरी धावली. तिने दोन्ही हातांनी कडी दाबून धरली. "नको! ओलीने नाही झालं. मी केलं. काळं बूच मी कापशीला दिलं, आणि मग या सगळ्यांना. नुसतं पाण्याने धुतलं होतं."

आत्याने काखेतलं करडू छातीशी घट्ट धरलं. रागावलेली आत्या भिंगरीने खूपदा पाहिली होती. घाबरलेली आत्या ती पहिल्यांदाच पाहत होती.

"मोठ्या कप्प्यातलं कुणी प्यालं का त्याने?"

"नाही. शपथ."

आत्याने श्वास सोडला. करडू जिथून उचललं होतं तिथेच नेऊन ठेवलं आणि लहान कप्प्याचं दार लावून घेतलं. "आता इथलं कुणी बाहेर जाणार नाही. मी डॉक्टरांना फोन करते. तुझे कान नंतर उपटीन, आत्ता वेळ नाही." मग ती थांबली. "आणि तुझी ती महाराणी? लाल बूच तोंडात धरत नाही ना?"

"गरम पाण्यात उकळलं तर मऊ होईल का गं?"

"करून बघ. माझ्याकडे काय बघतेस?"

भिंगरीने काळं बूच आत्याच्या हातात दिलं. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. लाल बूच उकळलं, निवू दिलं आणि बाटलीवर चढवलं. मग चुन्याचा पट्टा ओलांडून ते मोठाले बूट घातले आणि दार आतून लावलं. कापशीची मान लुळी पडली होती. भिंगरीने ती मांडीवर घेतली.

कापशीने तोंड फिरवलं. भिंगरीने बूच पुन्हा तिच्या ओठांना लावलं.