पन्नास ठोक्यांच्या गावात

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. रंग उडालेला, एका कोपऱ्यात चेपलेला आणि माणसांच्या वागण्याचा पुरता वीट आलेला. हे ऐकून तुम्हाला राग आला तर येऊ द्या. गोड बोलणे माझ्याकडून होणार नाही.

माझा जन्म ऑकलंडमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याची तार हाताने गुंडाळली. एक वेढा चुकला तर ती सगळी तार उलगडून पुन्हा सुरुवात करी. मग मला करड्या पेटीत बसवले गेले आणि वर उचलायला मूठ लावली. एका बाजूने माझ्यात दोनशे तीस व्होल्टची वीज शिरते, दुसऱ्या बाजूने एकशे दहाची होऊन बाहेर पडते. एवढेच माझे काम. ते मी आजवर कधी चुकवलेले नाही.

अशी पेटी कशाला हवी? पॅसिफिक महासागरातल्या आमच्या सामोआत भिंतीतली वीज दोनशे तीसची आहे. बोटीने एका रात्रीच्या अंतरावर पागो आहे. तेही सामोआच, पण अमेरिकेच्या हाताखालचे. तिथली वीज जेमतेम आमच्या निम्म्या दाबाची. दोन्हीकडे भाषा एक, प्रार्थना एक, आत्या-मामा तेच. भिंतीतली वीज तेवढी वेगळी. पागोचे नातेवाईक खोकी भरभरून वस्तू आणतात, इथल्या भिंतीत खुपसतात, आणि मग घरभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरतो. तो वास नुसता आठवला तरी मला मळमळते.

राजधानी आपियाच्या पूर्वेला किनाऱ्यावर एक गाव आहे. तिथल्या तालिताबाईंनी मला विकत आणले. त्यांच्याकडे पागोहून आलेले शिलाईचे मशीन होते. माझ्या भरवशावर त्यांनी वीस वर्षे गावाच्या बायकांचे कपडे शिवले. ऑक्टोबरात पांढरा रविवार, म्हणजे चर्चमधला मुलांचा सण, आला की पांढऱ्या झग्यांचा ढीग माझ्याही डोक्यावर चढे. काम संपले की बाई मला कोरड्या फडक्याने पुसत आणि म्हणत, "याच्यामुळे माझी चूल पेटते गं." ते दिवस चांगले होते. चांगल्या दिवसांबद्दल मला याहून जास्त बोलता येत नाही.

मग बाईंचे डोळे अधू झाले, छातीत दम भरू लागला, आणि मशीन बंद पडले. मला कोणीतरी स्वयंपाकाच्या छपराखाली नेऊन टाकले. माझ्यावर मासळीची बादली ठेवत. तिचे पाणी माझ्या जाळीतून आत झिरपे. झुरळांनी माझ्या वेढ्यांत घर केले. शेजारच्या एका महाभागाने मला लग्नाला उसने नेले आणि माझ्या ताकदीच्या दुप्पट मोठे स्पीकर माझ्यावर चालवले. मी तापून लाल व्हायचा राहिलो होतो, आणि तो वर नाचत होता! परत देताना मूठ मोडलेली होती. कोणी साधे "मोडली" म्हणूनही सांगितले नाही.

असो. खरी किळस पुढे आहे.

तालिताबाईंचा मोठा मुलगा आसोफा पागोच्या मासळीच्या कारखान्यात मुकादम आहे. आईचा आजार वाढल्याचे कळताच एका शनिवारी तो बोटीने आला. दारात ट्रक थांबला. त्यातून भाताचा कुकर, लाल आकड्यांचे विजेचे घड्याळ आणि गुडघ्याएवढे चाकांचे एक यंत्र उतरले. ते हवेतून प्राणवायू गाळून देणारे मशीन होते. गाव गोळा झाले. आसोफा ओरडून सांगत होता, "माझ्या आईला श्वास कमी पडतो? अरे, अख्खी अमेरिका आणलीय तिच्यासाठी!"

त्याची धाकटी बहीण फेतुई शाळेत मुलांचा स्वयंपाक करते आणि आईचे सगळे तीच पाहते. ती म्हणाली, "दादा, ही वीज वेगळी आहे. जरा थांब."

"मला शिकवतेस? हे बघ, अडॅप्टर आणलाय." त्याने खिशातून अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा काढला. "पिना बसल्या की झालं."

पिना बसल्या. कुकरने एकदा 'खट्' केले आणि धूर सोडला. तोच वास! प्लास्टिकचा तो तुकडा पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही, हे त्या मोठ्या माणसाला माहीत नव्हते. माहीत नसण्याला मी नावे ठेवत नाही. पण तो काय म्हणाला ऐका. "तुमच्या गावाची वीजच घाणेरडी आहे."

फेतुई मागे वळली. ती छपराखाली आली, बादली बाजूला केली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि झुरळे झटकून आईच्या चटईजवळ आणून ठेवले. तालिताबाईंनी मला ओळखले. त्यांनी बोटांनी माझे झाकण चाचपले, पण धाप लागल्यामुळे त्यांना बोलता आले नाही.

मशीन माझ्यावर चालू झाले. शेजारी घड्याळही माझ्यावरच लावले, औषधांच्या वेळा पाळायला. तेव्हा बरोबर दुपारचे बारा वाजले होते. धूर झाला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "जुनं ते सोनं!" कोणी म्हणाले. कोणी माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावर थाप मारली.

मित्रांनो, माझी लाज इथे सुरू होते. मला पहिल्याच मिनिटात कळले होते की हे बरोबर नाही. पागोची वीज एका सेकंदात साठ ठोके देते, आमची पन्नास. शाळेत तुम्ही त्याला वारंवारता म्हणता. मी दाब उतरवतो, पण ठोके मला बदलता येत नाहीत. भिंतीतून पन्नास आले तर माझ्यातून पन्नासच बाहेर पडतात. शिलाई मशीनच्या मोटरला त्याचे सोयरसुतक नव्हते, म्हणून वीस वर्षे निभावले. या मशीनचा पंप मात्र ठोक्यांच्या तालावर चालणारा होता. तो रखडत फिरत होता, तापत होता, आणि नळीतून बाईंच्या नाकात जाणारी हवा नावापुरतीच प्राणवायू होती. मी घुमत होतो. लोकांना ते माझे समाधान वाटले. आणि खरे सांगतो, इतक्या वर्षांनी कोणी कौतुक करत होते, ते मला गोडही लागत होते. त्या गोडीची मला आज ओकारी येते.

थोड्या वेळाने मशीनवर पिवळा दिवा लागला आणि ते टींटीं करू लागले.

"दादा, हे काहीतरी सांगतंय," फेतुई म्हणाली.

"नवीन आहे, आधी कुरकुरणारच. नव्या सुनेसारखं." असे म्हणून आसोफाने आवाजाच्या भोकावर आणि दिव्यावर चिकटपट्टी लावली. मग निवांत बसून कोको प्यायला.

सूर्य टेकला तेव्हा गावात प्रार्थनेचा टोला पडला. आमच्याकडे झाडाला टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवर लोखंडी गज मारतात, बरोबर सहा वाजता. फेतुईने घड्याळाकडे पाहिले. त्यात पाच वाजले होते.

"टोला मारणारा म्हातारा पिऊन आलाय," आसोफा हसला. "माझं घड्याळ अमेरिकन आहे."

फेतुईने घड्याळ सहावर लावले. रविवारी उजाडले तेव्हा ते पुन्हा दोन तास मागे होते. आसोफा नवा पांढरा शर्ट घालून चर्चला निघाला. तिथे त्याच्या देणगीची घोषणा व्हायची होती. जाता जाता तो म्हणाला, "आईला सांग, आज तिच्या नावाने गाव गाणार आहे." आईकडे मात्र त्याने वळून पाहिले नाही.

घरात दोघीच राहिल्या. आमच्या घरांना मागची एकच भिंत असते, बाकी नुसते खांब, त्यामुळे चर्चमधले गाणे थेट ऐकू येत होते. फेतुई आईच्या पायांना तेल लावत होती. बाईंची नखे निळसर दिसत होती. तिने ओठ पाहिले, तेही तसेच. मग तिने घड्याळ पाहिले, मला पाहिले, आणि मशीनच्या पोटावर तळहात ठेवून चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आई," ती हळूच म्हणाली, "घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतंय. या पेटीतून जे जे चालतं ते मागे पडत असेल, तर हा पंपही..."

ती तशीच तेलकट हातांनी धावत सुटली.

गाणे मधेच अडखळल्याचे मी ऐकले. थोड्याच वेळात फेतुई गावाच्या नर्सला घेऊन आली. नर्सचे नाव मासिना. बाई धिप्पाड, बोलायला फटकळ. डोक्यावर चर्चची पांढरी टोपी, हातात पिशवी. मागून आसोफा आणि अर्धे गाव.

मासिनाने बाईंच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारे चिमट्यासारखे यंत्र लावले. त्यावर एक्क्याऐंशी आकडा आला. तिने टोपी काढून खाली फेकली. "नव्वदच्या खाली गेलं की मी घाबरते. हे कधीपासून?"

"काल दुपारपासून," फेतुई म्हणाली.

मासिनाने चिकटपट्टी ओढून काढली. पिवळा दिवा लाल झालेला होता आणि टींटीं पुन्हा ऐकू येऊ लागले. तिने मशीन कलते केले आणि मागची पाटी वाचली. "एकशे पंधरा व्होल्ट, साठ. आमच्या दवाखान्यातल्यावर काय लिहिलंय माहितीये? दोनशे तीस, पन्नास. पट्टी कोणी लावली?"

आसोफा म्हणाला, "सिस्टर, आत्ता नको. पास्टरांनी नुकतंच माझं नाव घेतलं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, पोराने आईसाठी अमेरिका आणली आणि तिचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं. उचल आईला! पास्टरांची गाडी कुठे आहे?"

त्याने उचलले. त्याचा पांढरा शर्ट आईच्या अंगावरच्या तेलाने माखला. गाडी मोठ्या दवाखान्याकडे गेली. घाईत मला बंद करायचे कोणाच्या लक्षात आले नाही. रिकाम्या घरात मी आणि ते मशीन दुपारपर्यंत हवेला हवा पाजत बसलो.

तालिताबाई वाचल्या. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या, दवाखान्याचे मशीन बरोबर घेऊन. ते सरळ भिंतीत लागले. ना मी मध्ये, ना अडॅप्टर. बोटाचा आकडा त्र्याण्णव. बाईंनी उशीला टेकून चमच्याने तारोच्या कंदाचे गरगट खाल्ले. ते पाहून मला वाटले, आता माणसे शहाणी झाली असतील.

त्याच दुपारी आसोफा पास्टरांना घेऊन आला. त्याचा स्वर साळसूद होता. "आईला आता हे लागत नाही. पलीकडच्या गावात एक म्हातारा दम्याने बेजार आहे. मी मशीन आणि ही पेटी चर्चला देऊन टाकतो. वर एक पितळी पाटी लावू. माझं नाव आणि आईचं."

मित्रांनो, जळक्या प्लास्टिकचा वास सहन होतो, सडक्या मासळीचे पाणी सहन होते. हे होत नव्हते. त्याला सगळे कळले होते. मासिनाने त्याच्या तोंडावर सांगितले होते. तरी त्याला ते ओझे परत न्यायचे नव्हते आणि पुण्य मात्र हवे होते.

पास्टर मान हलवत होते. फेतुई उभी राहिली, पण थोरल्या भावाचे बोलणे पास्टरांसमोर तोडायचे कसे, म्हणून तिचे ओठ नुसतेच हलले. तेव्हा चटईवरून आवाज आला. बारीक, दोन शब्दांमागे एक श्वास घेणारा.

"आसोफा. इकडे बस."

तो बसला.

"मी श्वास घेत होते, आणि आत काही येत नव्हतं. तू शेजारी बसून कोको पीत होतास. मला हात उचलता येत नव्हता, नाहीतर तुझा पेला सांडला असता. हे मी कोणाला सांगितलं नाही. आता तू तेच दुसऱ्या कुणाच्या आईबापाच्या नाकाला लावणार? आणि वर माझं नाव?"

पास्टरांची मान हलायची थांबली.

"मशीन वाईट नाहीये. इथे वाईट आहे. पागोला परत ने. तिथे कुणाच्या तरी आईला लाव. आणि हमाल करू नकोस. स्वतः उचलून ने."

पास्टर घसा खाकरून म्हणाले, "आईचं ऐक, आसोफा." आसोफाने कपाळ आईच्या पायांवर टेकवले. रडला की नाही, मला दिसले नाही. पण दुसऱ्या दिवशी तो मशीन खांद्यावर घेऊन उन्हातून बोटीच्या रस्त्याने चालत गेला, आणि महिन्याभराने त्याचा फोन आला की कारखान्यातल्या एका बाईची आई त्यावर नीट श्वास घेते आहे. फेतुईने तो निरोप आईला दोनदा सांगितला.

मला तिने धुऊन पुसून फडताळात ठेवले. झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिले, "मोटर, पंप, घड्याळ लावण्याआधी पाटी वाचा. ही पेटी सगळं बदलत नाही." अक्षरे वाकडी आहेत. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कोणी लिहिलेले एवढेच खरे आहे. टाळ्यांपेक्षा मला ते बरे वाटते.

तुम्हीही कधी परमुलखी जाल, किंवा तिकडून कोणी तुमच्यासाठी प्रेमाने काही आणेल. पिना बसल्या म्हणून हुरळून जाऊ नका. वस्तू उलटी करा, मागची बारीक अक्षरे वाचा, व्होल्ट पाहा आणि त्याखालचा ठोक्यांचा आकडाही पाहा. आणि एखादे यंत्र टींटीं करून काही सांगू लागले, तर त्याच्या तोंडाला पट्टी लावू नका. मित्रांनो, आमच्यापैकी फार थोड्यांना बोलता येते.